सराफ्यातला तीन फुटांचा कोनाडा

इंदूर

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इथल्या आर्किटेक्चर कॉलेजनं तुला सहा आठवड्यांसाठी बोलावलं, तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ तुझ्याकडे दिला आणि शेवटी सगळ्या कॉलेजपुढे व्याख्यानही ठेवलं, हे वाचून इतका आनंद झाला की काकूला हाक मारून पत्र पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. आठ वर्षांपूर्वी तू माझ्या ऑफिसात ट्रेनिंगला आलीस तेव्हा जिन्याच्या पायऱ्या मोजताना तुझी एक पायरी नेहमी कमी पडायची. आज तू शिकवायला निघालीस. मला अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

तू विचारलंस, काय शिकवू आणि व्याख्यानात किती स्लाइड ठेवू. स्लाइडचं नंतर बोलू. आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण पाहुणा म्हणून शिकवायला येणाऱ्या माणसाकडून हीच चूक सगळ्यात सहज होते.

तुला ठाऊक आहे, मी मूळचा साताऱ्याचा. इंदुरात पहिल्यांदा आलो तो तुझ्यासारखाच, पाहुणा म्हणून, तेहतिसाव्या वर्षी. मुंबईत एका मोठ्या ऑफिसात सहा वर्षं काम केलेलं, दोन इमारती स्वतःच्या हातानं उभ्या केलेल्या. स्टुडिओचा विषय होता जुन्या पेठेतलं दुकान आणि वर घर. एका मुलीनं सराफ्यातली जागा घेतली होती. मराठी सोनाराची मुलगी, जागा त्यांचीच. प्लॅन नीटनेटका होता, पण दर्शनी बाजूला शटरच्या शेजारी तिनं तीन फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा एक कोनाडा सोडला होता. ना कपाट, ना जिना, ना खिडकी. त्यावर काही लिहिलेलंही नव्हतं. सराफ्यात फूटफूट जागेला काय मोल असतं हे मला माहीत होतं. मी खिशातलं जाड पेन काढलं आणि तिच्या शीटवरच, शाईनं, तो कोनाडा काट मारून दुकानात घेतला. काउंटर सरळ केला, जिना फिरवला. वीस मिनिटांत माझ्या मते प्लॅन सुधारला. बाकीची मुलं भोवती उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. शीट गुंडाळून घेऊन गेली.

दोन दिवसांनी म्हणाली, "सर, रात्री नऊनंतर एकदा याल का? बाबांनी बोलावलंय."

मी गेलो. दुकानं बंद होत होती. तिच्या वडिलांनी दागिन्यांचे ट्रे आत तिजोरीत ठेवले, शटर ओढलं, दोन कुलुपं लावली, कुलपांना हात लावून नमस्कार केला. तेवढ्यात पागोटं बांधलेला एक म्हातारा आला आणि शेजारच्या कोनाड्यातून त्यानं एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी फळी, मग तिचे दोन पाय, मग काळी कढई, झारा, पितळी परात, शेवटी मसाल्याचा डबा. थंडीचे दिवस होते. पंधरा मिनिटांत त्याच ओट्यावर गराडू, म्हणजे इकडच्या एका कंदाच्या फोडी, तळायला पडल्या. लिंबू पिळून, मसाला भुरभुरून पहिला द्रोण त्यानं दुकानाच्या मालकाला दिला, दुसरा मला. तिचे वडील म्हणाले, "याच्या वडिलांनीही इथंच दुकान मांडलं आणि माझ्या वडिलांनी हा कोनाडा ठेवला. रात्री दोनपर्यंत इथं उजेड असतो, माणसं असतात. आमची राखण होते आणि त्याचं पोट भरतं."

तुला सराफा माहीत आहे, दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. मीही ऐकून होतो. पण एका इमारतीला दोन आयुष्यं असतात आणि त्यांचा सांधा तीन फुटांच्या कोनाड्यात असतो, हे मला त्या मुलीच्या प्लॅननं सांगितलं होतं आणि मी त्यावर शाई मारली होती. "हे काय आहे?" एवढे तीन शब्द मी विचारले असते तर पुरलं असतं. तिनं नव्या शीटवर प्लॅन पुन्हा काढला. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. तेव्हापासून चोवीस वर्षं शिकवलं, पण विद्यार्थ्याच्या शीटवर पेन टेकवलं नाही. वर खालचं दिसेल असा पातळ बटर पेपर ठेवायचा आणि त्यावर पेन्सिलनं बोलायचं. पटलं तर तो घेईल, नाही पटलं तर बाजूला काढून ठेवील. त्याचं ड्रॉइंग त्याचंच राहिलं पाहिजे.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की पहिला आठवडा तू काही शिकवूच नकोस. मुलांना बरोबर घेऊन शहर बघ. तुझ्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे हे मला माहीत आहे, पण ते कुठे लावायचं हे इथं चालल्याशिवाय तुला कळणार नाही. मुलंही याच शहरात वाढलेली असली तरी त्यांनी ते मोटरसायकलवरून पाहिलंय.

ही रीत माझी नाही. याच गावात शंभर वर्षांपूर्वी एक पाहुणा येऊन ती दाखवून गेला. पॅट्रिक गेडिस. त्याचं नाव तू नगररचनेच्या तासाला ऐकलं असशील, परीक्षेपुरतं. मी तुला त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण व्हिजिटिंग शिक्षक कसा असावा याचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

गेडिस स्कॉटलंडचा. जन्म १८५४ चा. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, आर्किटेक्ट नव्हेच. डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता, तोही फक्त उन्हाळी सत्रापुरता. वर्षातले बाकीचे महिने मोकळे, आणि त्या मोकळ्या महिन्यांत तो शहरं बघत हिंडायचा. १९१४ मध्ये शहरांविषयीचं आपलं प्रदर्शन घेऊन तो हिंदुस्थानात निघाला. प्रदर्शनाचे नकाशे, चित्रं ज्या जहाजावर होती ते जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं समुद्रात गेलं. तरी त्यानं ठिकठिकाणाहून नवं साहित्य मागवून मद्रासला प्रदर्शन भरवलंच. व्याख्यानाच्या दिवशी पेन ड्राइव्ह चालला नाही तर हे आठव.

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात तो इंदूर दरबारासाठी काम करायला आला आणि १९१८ मध्ये त्याचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर मुलांना प्रत्यक्ष हाताळायला दे. कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे काठ, गल्ल्या, विहिरी, बागा, गिरण्यांच्या बाजूची वस्ती, सगळं त्यात आहे, आणि ते पायी हिंडून लिहिलेलं आहे हे पानापानाला जाणवतं. जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता काढायचा आणि वाटेत येतील ती घरं पाडायची, ही त्या वेळच्या इंजिनिअरांची सवय. गेडिस गल्लीचं घर न् घर मोजायचा. पडकं झालेलं एखादं घर काढायचं, तिथं लहानसा चौक होऊ द्यायचा, एक झाड लावायचं, हवा खेळती करायची, आणि बाकीचं आहे तसं राखायचं. डॉक्टर आधी नाडी बघतो, औषध नंतर लिहितो, तसं. काटछाट शेवटी, आणि तीही जेवढी लागेल तेवढीच.

आता यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तो नकाशा हातात घेऊन गल्ल्यांतून फिरायचा तेव्हा लोक त्याला घाबरत. साहेब आला, नकाशावर खूण केली, म्हणजे घर पडणार, अशी भीती. प्लेगचे दिवस होते. हाच म्हातारा साहेब प्लेग आणतो, असंही लोक आपसांत बोलत. हे त्याला कळलं तेव्हा तो रागावला नाही आणि व्याख्यानही दिलं नाही. महाराजांकडे जाऊन त्यानं एका दिवसाची सत्ता मागितली आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हातात घेतली. दवंडी दिली की या वर्षी मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. मग काय विचारतेस. घराघरातून वर्षानुवर्षांचा कचरा निघाला, हजारो गाड्या भरून गावाबाहेर गेला, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शेवटी रावणासारखं त्यांना जाळलं. ज्या साहेबाला लोक भीत होते त्याच्याच मिरवणुकीत ते नाचले.

बघ ना, बाहेरून आलेला माणूस. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. पण दिवाळी म्हणजे काय, घराघरातून साफसफाई कशी होते, मिरवणूक आपल्या दारावरून गेली तर माणसाला काय वाटतं, हे त्यानं नेमकं ओळखलं. लोकांकडे जे होतं तेच त्यानं कामाला लावलं. त्याच अहवालात त्यानं इंदुरात विद्यापीठ असावं अशी योजना मांडली होती. विद्यापीठ व्हायला १९६४ साल उजाडलं आणि पुढे त्याला देवी अहिल्यांचं नाव मिळालं. गेडिस १९३२ मध्येच गेला होता. पाहुण्यानं पेरलेलं उगवताना त्याला दिसतंच असं नाही, तरी पेरताना त्यानं हात आखडू नये.

याच गावातला दुसरा पाहुणा तुझ्या पिढीच्या परिचयाचा. बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा. काम बहुतेक अहमदाबादेत राहून केलं आणि १९६२ मध्ये तिथं आर्किटेक्चरचं कॉलेज उभं केलं. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला तेव्हा तू मला पहाटे फोन केला होतास, आठवतं? त्यांनी आखलेली अरण्य ही वसाहत इथंच आहे, एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला. मुलांना तिथं नेल्याशिवाय स्टुडिओ संपवू नकोस.

नेण्याआधी एवढं सांग. साधारण ८५ हेक्टर जमीन, सुमारे साडेसहा हजार प्लॉट, त्यातले बहुतेक गरिबांसाठी. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला बांधून दिलेलं घर परवडत नाही, हे ओळखून तिथं जोतं दिलं, संडास-मोरी दिली, पाणी, वीज आणि ड्रेनेजची जोडणी दिली, काहींना एक खोली दिली, आणि पुढचं घर ज्याचं त्यानं जमेल तेव्हा वाढवावं असं ठरवलं. कसं वाढवता येईल हे दाखवायला ८० घरं नमुन्यादाखल बांधली. ओटा, बाहेरून जिना, रस्त्यावर डोकावणारी बाल्कनी, हे सगळं त्या नमुन्यात होतं. १९८९ मध्ये काम पुरं झालं, १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. इथवरचं पुस्तकात आहे.

पुस्तकाच्या पुढचं मुलांनी तिथं जाऊन काढायचं. बरीच घरं आता ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. काही तीन मजली झाली, काही विकली गेली, ओटे कुठे ग्रिल लावून आत घेतले, कुठे तिथं किराण्याचं दुकान आलं. काही शिक्षक मुलांना नेतात आणि म्हणतात, बघा, लोकांनी दोशींची वाट लावली. मला त्याचा राग येतो. घर वाढावं म्हणूनच तर ते तसं दिलं होतं! तू एकेका मुलाला एकेक घर वाटून दे. जोत्यापासून आजपर्यंत ते घर कसं कसं वाढलं, त्याचे प्लॅन त्यानं घरच्या बाईशी बोलून काढायचे. पुरुषांशी नको, बाईशीच. पहिली खोली कधी, जिना आत घ्यावासा का वाटला नाही, वरची खोली भाड्यानं कधी दिली, सुनेच्या माहेरची माणसं आली की झोपतात कुठे, हे तिलाच ठाऊक असतं. मी एकदा असं करवून घेतलं होतं. एका मुलानं पाच प्लॅन आणले आणि प्रत्येक प्लॅनच्या कोपऱ्यात त्या त्या वर्षी घरात किती माणसं होती ते लिहिलं होतं. दोन, तीन, पाच, आठ, सहा. त्या पाच आकड्यांवर आम्ही दोन तास बोललो.

आता जरा तांत्रिक. स्टुडिओत ऊन, माती, पाणी यांवर बोल, पण इथल्या आकड्यांनी बोल. मुलं परदेशी पुस्तकांतले सेक्शन, म्हणजे इमारतीचे उभे छेद, उतरवून काढतात. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४४ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीला अगदी वरच्या काठाशी दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली तेव्हा जेमतेम दोन फूट खाली येते. खिडकी चार फूट उंच असेल तर खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं, थंडीत हवं तसं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी ६७ अंशांवर जातो आणि त्याच छज्जाची सावली पावणेपाच फुटांपर्यंत उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. जूनमध्ये तर तो माथ्यावर येऊन किंचित उत्तरेला झुकतो, काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. हे फळ्यावर सांगून टाकू नकोस. कॉलेजच्या अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी कर, तू असशील त्या आठवड्यात रोज दुपारी सावलीचं टोक खडूनं टिपायला लाव, आणि मग छज्जा किती काढायचा ते मुलांनाच काढू दे. एका रविवारी बस करून उज्जैनला ने. जयसिंहांची वेधशाळा तिथं आहे, तासाभराच्या अंतरावर. दगडाची इमारत सूर्याला मोजते हे एकदा डोळ्यांनी बघितलं की छज्जा हा शब्द त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

आणि माती. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाचं डिटेल काढताना मुलं दगडमुरमाच्या जमिनीचं उतरवतात. एखाद्या चालू साइटवर ने, खड्ड्यात उतरव, आणि मिस्त्रीला बोलू दे. तू मध्ये पडू नकोस.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. वर्गात मराठी घरांतली मुलं निघतीलच. तुझं आडनाव वाचून मधल्या सुट्टीत येतील, मराठीत बोलतील, एखादी मुलगी आजीच्या हातच्या पुरणपोळ्यांचा डबा आणेल. त्यांच्याशी खुशाल मराठीत बोल, त्यांना बाहेर फारसं ऐकायला मिळत नाही. पण स्टुडिओत सगळ्यांशी हिंदीतच. दोन मुलांशी मराठीत झालेलं हसणं बाकीच्या अठ्ठावीस जणांना परकं करतं. इंग्रजी शब्द लागतील तेवढे असू देत. पण मुलगा डिझाइन समजावताना इंग्रजीत अडखळायला लागला की थांबवून म्हण, घरी जसं बोलतोस तसं सांग. त्याच्या बोलीत डिझाइन निम्म्या वेळात कळतं, आणि त्याचं त्यालाही कळतं.

कायमच्या शिक्षकांचा मान ठेव. तू सहा आठवड्यांनी जाशील, ते तीस वर्षं तिथंच आहेत. पाहुण्याला टाळ्या मिळतात आणि हजेरीपत्रक, इंटर्नल मार्क, पालकांचे फोन त्यांच्या वाट्याला येतात. तुझ्याबरोबर ज्यांना जोडून देतील त्यांना रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसून विचार, आज कोण गप्प होतं? त्यांना प्रत्येक मुलाच्या घरचं ठाऊक असतं. त्यांचं मत तुला पटलं नाही तर वर्गात नको, चहावर सांग.

ज्युरीबद्दल, म्हणजे परीक्षकांसमोर मुलं आपलं काम मांडतात त्याबद्दल, फार लिहीत नाही, तू स्वतः सोसलेलं आहेस. रात्रभर जागलेल्या मुलासमोर सकाळी साडेदहाला बसताना आपली झोप झालेली असते, एवढं ध्यानात असू दे. पहिला प्रश्न त्याला उत्तर येईल असा विचार. आणि घड्याळ पाळ. सकाळच्या पहिल्या मुलाला चाळीस मिनिटं आणि संध्याकाळच्या शेवटच्याला सात, हा अन्याय मी कितीतरी ज्युरींत पाहिला आहे.

आता व्याख्यान. पाहुणे आर्किटेक्ट येतात आणि दीडशे स्लाइड दाखवतात. बारा इमारती, सगळ्या सूर्यास्ताच्या उजेडात काढलेल्या, एकीतही माणूस नाही. मुलं भारावून जातात आणि दुसऱ्या दिवशी तशाच भिंती काढू लागतात. तू एकच इमारत दाखव. तुझी ती नाशिकजवळची शाळा. पहिल्या भेटीत जागेवर काढलेली वहीतली पानं दाखव, खोडलेली सुद्धा. बजेट सांग, खरे आकडे सांग, कुठे कमी पडलं आणि काय वगळावं लागलं ते सांग. गवंड्यानं तुझं कोणतं डिटेल बदललं आणि त्याचंच कसं बरोबर होतं, ते सांग. आणि पहिल्या पावसात वाचनालयाचा तो कोपरा गळला होता ना, तू मला रडत फोन केला होतास, त्याचा फोटो नक्की दाखव. पाणी कुठून शिरलं, गच्चीचा उतार कुठे चुकला, दुरुस्त कसा केला, त्याला पूर्ण दहा मिनिटं दे. गळकी इमारत आपणही करू शकतो आणि ती निस्तरताही येते, हे या मुलांना कोणीच सांगत नाही. ती पास होऊन बाहेर पडतात, पहिली इमारत गळते आणि त्यांना वाटतं आपण संपलो. काही जण धंदाच सोडतात. माझ्या दोन चांगल्या विद्यार्थ्यांनी सोडला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चाळीस मिनिटं बोल, वीस मिनिटं प्रश्नांना ठेव. पहिला प्रश्न यायला वेळ लागतो. ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस, पाणी पी आणि थांब.

मानधनाचं तू विचारलं नाहीस, पण मी लिहितो. सहा आठवडे तुझं ऑफिस अर्धं बंद राहणार आहे. तासाचा दर, येण्याजाण्याचं भाडं, राहण्याची सोय हे सगळं येण्याआधी लेखी घे. पॅन कार्ड आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीची प्रत बरोबर ठेव. यात संकोच करू नकोस. राहायला मात्र आमच्याकडेच यायचं आहे. गेस्ट हाऊसचं नाव काढलंस तर काकू रागावेल.

शेवटचं एक काम, निघाल्यानंतरचं. तीस मुलं असतील तर तीस चिठ्ठ्या लिही, प्रत्येकाला दोनच ओळी. तुझ्या कामात मला हे दिसलं, आणि हे अजून बघायला हवंय. ईमेल नको, हातानं लिही. ती सराफ्यातली मुलगी आज इथं स्वतःचं ऑफिस चालवते. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो तर टेबलाच्या काचेखाली मी लिहिलेली चिठ्ठी होती. त्यात मी लिहिलं होतं, "कोनाड्यावर नाव लिहीत जा. माझ्यासारखा माणूस भेटला तर त्याला कळेल." ती म्हणाली, "सर, आता ऑफिसात कोणी प्लॅन आणला की मी आधी कोनाडे शोधते."

तुझी गाडी शनिवारी पहाटे पोचते ना? मी स्टेशनवर येईन. अंघोळ, पोहे-जिलबी, आणि मग आपण दोघं निघू. राजवाड्याच्या दरवाज्यापाशी थोडं थांबू, खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे, तो सांधा मला तुला जवळून दाखवायचा आहे. तिथून बोळाबोळांतून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाधींपर्यंत, नदीच्या काठानं. रात्री सराफा. चालायचे जोडे घालून ये, वही आण, आणि पाच मीटरचा टेप आण. माझ्या टेपचे आकडे पुसले गेलेत.

तुझा,
काका